काकांची रजिस्ट्री

पुण्यात ‘रजिस्ट्री’ म्हटलं की समोरच्याला आधी फ्लॅट आठवतो आणि मग स्टँप ड्युटी. त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या ओळखीच्या सीए काकांना मी म्हटलं, “काका, तुमची रजिस्ट्री फुगलीय,” तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “कुठल्या जागेची?”

जागा म्हणजे त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. विंडोज १०, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. रिटर्न भरायची मुदत ३१ तारखेची, बाहेरच्या बाकावर अशिलं बसलेली आणि पासवर्ड टाकल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत चार मिनिटं. “चहा पिऊन कप विसळून होतो, तरी हा आपला गोल फिरवत बसलेला!” कुणाच्या तरी सल्ल्यावरून काकांनी एक रजिस्ट्री क्लीनर टाकून पाहिला होता. त्याने लाल अक्षरांत हजारभर ‘त्रुटी’ दाखवल्या आणि त्या काढायचे पैसे मागितले. काकांनी दिले नाहीत, हे फार बरं झालं.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज वेगवेगळ्या ‘आयएनआय’ फाइलींत ठेवायचा आणि त्यांचा पसारा कुणाला आवरायचा नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री छोट्या रूपात आली, विंडोज ९५ पासून सगळ्या सिस्टिमचा कारभार तिच्यावर चालू लागला. डिस्कवर ती एका फाइलीत नसते. ‘विंडोज’मधल्या ‘सिस्टिम३२’ आणि त्याच्या आतल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये ‘सिस्टिम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सॅम’, ‘सिक्युरिटी’ अशा काही फाइली असतात. यांना ‘हाइव्ह’ म्हणतात, म्हणजे पोळं. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची ‘एनटीयूजर.डॅट’ नावाची लपवलेली फाइल असते. काकांची ही फाइल १५ एमबीच्या आसपास निघाली. प्रचंड नाही, पण काका वापरतात त्या चार प्रोग्रॅमांच्या मानाने बरीच जास्त.

आत काय भरलंय ते पाहायला मायक्रोसॉफ्टचंच ‘सिसइंटर्नल्स’ नावाचं फुकट हत्यारांचं खोकं आहे. त्यातला ‘आरयू’ कुठल्या ‘की’खाली, म्हणजे रजिस्ट्रीतल्या कप्प्याखाली, किती जागा गेली ते सांगतो. आकडा ‘इंटरनेट सेटिंग्ज’च्या आत ‘झोनमॅप’ आणि त्याखालच्या ‘डोमेन्स’पाशी येऊन थांबला. तिथे वीसेक हजार संकेतस्थळांची नावं ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकापुढे एकच आकडा: ४. विंडोज संकेतस्थळांची विश्वासानुसार गटांत, म्हणजे ‘झोन’मध्ये, वाटणी करतं. त्यातला चौथा झोन म्हणजे ‘प्रतिबंधित’. काही वर्षांपूर्वी काकांच्या पुतण्याने टाकलेल्या एका फुकट सुरक्षा प्रोग्रॅमने ‘लस टोचतो’ म्हणून ही वाईट वस्त्यांची यादी तिथे ओतली होती.

आता थोडा हिशेब करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. रजिस्ट्रीत एक की ठेवायची तर तिच्या शीर्षकालाच ८० बाइट लागतात. त्यात नावाची दहा-पंधरा अक्षरं, तो ४ ठेवायला तीसेक बाइट आणि वरच्या यादीतला तिचा पत्ता मिळवला, की एक नोंद साधारण दीडशे बाइटची होते. वीस हजार नोंदी म्हणजे तीस लाख बाइट, अवघे तीन एमबी. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सारख्या उपनावांची पोटखाती धरली तर सहा. मोबाइलवर काढलेले एक-दोन फोटो एवढे होतात! मग एवढ्याशा चरबीने मशीन का धापा टाकावं?

मतदान केंद्राबाहेरची टेबलं आठवा. यादीत हजार-बाराशे नावं असली तरी तुमचं नाव काढून चिठ्ठी लिहायला कार्यकर्त्याला अर्धा मिनिट लागत नाही. रजिस्ट्रीतही नावं क्रमाने लावलेली असतात. दर वेळी यादीचा अर्धा भाग बाद करत गेलं, तर वीस हजारांतलं एक नाव पंधराएक तुलनांत सापडतं. म्हणून रजिस्ट्री जाड झाल्याने सरसकट सगळं मंदावतं ही समजूत चुकीची आहे, आणि क्लीनरवाल्यांचा धंदा त्याच समजुतीवर चालतो. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांच्या मागे राहिलेल्या शे-दोनशे अनाथ नोंदी काढून वेगात काही फरक पडत नाही. अशा क्लीनरांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हे कंपनीने जाहीरच केलेलं आहे.

घोटाळा होतो तो कुणी अख्खी यादी वाचायला बसलं तर. कुठला प्रोग्रॅम काय उघडतोय ते दाखवणारा, त्याच खोक्यातला ‘प्रोसेस मॉनिटर’ लावून मी काकांना एक्सेल उघडायला सांगितलं. पडद्यावर ओळींचा पूर आला: डोमेन्समधली की उघडली, किंमत वाचली, की मिटली, पुढची उघडली, वाचली, मिटली. एका नावामागे किमान तीन क्रिया, म्हणजे वीस हजारांच्या साठ हजार, आणि झोनची चौकशी करणारा प्रत्येक प्रोग्रॅम हे पारायण नव्याने करणार. लॉगिननंतर पहिल्यांदा यादी वाचताना ती डिस्कवरून चार-चार केबीच्या पानांनी येते. तीन एमबीची पानं साडेसातशे. ती विखुरलेली असतील तर फिरत्या डिस्कला एका पानासाठी सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सातआठ सेकंद तिथेच गेले.

याहून मोठी गंमत पुढे आहे. रजिस्ट्रीत कोण काय उघडतंय यावर नजर ठेवायची सोय विंडोज एक्सपीपासून सुरक्षा प्रोग्रॅमांना मिळालेली आहे. सोसायटीच्या वॉचमनने येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद घ्यावी, तसं. काकांकडे नंतर घेतलेला दुसरा अँटिव्हायरसही होता. पहिल्याने भरलेल्या वीस हजार नोंदी कुणी वाचायला लागलं, की दुसरा त्या प्रत्येक वाचनाला दारात अडवून विचारपूस करत होता. दोन वॉचमन, आणि दोघेही कर्तव्यदक्ष.

आणि हे सगळं ज्या दारासाठी, त्या दारातून काका वर्षानुवर्षं आलेच नव्हते. ही प्रतिबंधित यादी मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोररसाठी होती, तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. काका क्रोम वापरतात आणि त्याची धोक्याच्या संकेतस्थळांची व्यवस्था वेगळी असते.

सुरक्षेपायी रजिस्ट्री फुगण्याचा मान फुकट प्रोग्रॅमांनाच आहे असं नाही. विंडोज सर्व्हर २०१६ आणि २०१९ मध्ये अनेक जण एकाच मशीनवर लॉगिन करत, तिथे दर लॉगिनला फायरवॉलचे नवे नियम रजिस्ट्रीत लिहिले जात आणि बाहेर पडताना पुसले जात नसत. मायक्रोसॉफ्टने पुढे दुरुस्ती दिली. ती चालू करायला रजिस्ट्रीतच आणखी एक नोंद करावी लागते!

काकांकडचा उपाय तसा बेताचा होता. आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मशीन मागच्या स्थितीला नेण्याची सोय) घेतला आणि ‘झोनमॅप’ची शाखा एक्स्पोर्ट करून ठेवली. (‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये रजिस्ट्रीची प्रत असतेच, या भरवशावर जुने जाणते अजून असतात. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती आपोआप निघत नाही. फाइली दिसतात, पण शून्य केबीच्या.) नोंदी हाताने उपटल्या नाहीत. ज्याने भरल्या त्याच्याच मेनूत लस मागे घ्यायचं बटण होतं, ते दाबलं. मग तो प्रोग्रॅम रीतसर काढून मशीन पुन्हा चालू केलं. सव्वा मिनिटात एक्सेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. “अरे, माझं छान चालतंय, पण आर्टिकलशिपच्या पोरांचं तसंच आहे.” चूक माझीच होती. यादी प्रत्येक वापरकर्त्याच्या पोळ्यात वेगळी असते आणि मी फक्त काकांच्या लॉगिनमधली पुसली होती. वर प्रोग्रॅमही काढून बसलो होतो. तो पुन्हा टाकला, दोन्ही मुलांच्या लॉगिनमध्ये जाऊन तेच बटण दाबलं आणि मग काढला.

हिशेबाचा माणूस असल्याने काकांनी त्या ‘एनटीयूजर.डॅट’ फाइलीचा आकार पुन्हा पाहिला. “ही तर पंधराच आहे की रे!” बरोबर होतं. रजिस्ट्रीतली नोंद पुसली की तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. फाइल लगेच आखडत नाही, नव्या नोंदी हळूहळू त्या खोल्यांत राहायला येतात. मशीन दुसऱ्या माध्यमावरून सुरू करायचं, तो हाइव्ह रजिस्ट्री एडिटरमध्ये चढवायचा, हाइव्ह म्हणूनच नव्याने एक्स्पोर्ट करायचा आणि जुन्याच्या जागी ठेवायचा, असं केलं तर पोकळ जागा जाते. करून देऊ का, असं मी विचारलं.

“वेग वाढेल?”

“नाही.”

“मग ३१ तारखेनंतर बघू,” म्हणून त्यांनी पुढच्या अशिलाला आत बोलावलं.