सेटअपकम्प्लीट की फर्स्टलॉगॉनकमांड्स: आज्ञा कोणाच्या खात्यातून चालते?

विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर इंदूरमध्ये भंवरकुआं भागातल्या क्लासेसच्या संगणक कक्षांपासून मराठी संस्थांच्या दोन-तीन टेबलांच्या कार्यालयांपर्यंत अनेक ठिकाणी विंडोज ११ नव्याने टाकण्याचे काम निघाले. असे काम एकाच वेळी दहा-वीस संगणकांवर करायचे असेल, तर ऑफिसची कामे करणारे सॉफ्टवेअर, पीडीएफ वाचक, देवनागरी फॉन्ट, टायपिंगचा सराव घेणारा प्रोग्राम हे सारे डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर आधीच भरून ठेवावे आणि विंडोज बसता बसता तेही आपोआप बसावे, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. तशी सोय विंडोजमध्ये आहे आणि ती दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सेटअपकम्प्लीट नावाची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची साधी मजकूर फाइल, आणि दुसरी म्हणजे आन्सर फाइलमधील, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देणाऱ्या फाइलमधील, फर्स्टलॉगॉनकमांड्स हा विभाग. या दोन्ही जागा एकच काम करतात, फक्त एक थोडी आधी चालते आणि दुसरी थोडी नंतर, असे मी सिल्व्हर मॉलमधल्या संगणकांच्या दुकानांपासून शिकाऊ तंत्रज्ञांच्या वह्यांपर्यंत सगळीकडे ऐकत आणि वाचत आलो आहे. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच घातक आहे.

आन्सर फाइल कशी लिहायची आणि ऑटोअनअटेंड या नावाने ती डिस्कच्या मुळाशी कशी ठेवायची, हे वाचकाला माहीत आहे असे मी धरून चालतो. वरवरचे फरक थोडक्यात सांगतो. सेटअपकम्प्लीट ही साधी बॅच फाइल असून ती विंडोज फोल्डरातील सेटअप या फोल्डराच्या आत स्क्रिप्ट्स नावाच्या फोल्डरात असावी लागते. डिस्कवर सोर्सेस फोल्डरात डॉलर-ओईएम-डॉलर नावाचा फोल्डर करून त्याच्या आत दोन डॉलर चिन्हांच्या नावाचा फोल्डर ठेवला, की त्यातील मजकूर थेट विंडोज फोल्डरात उतरतो; डॉलर-एक नावाच्या फोल्डरातील मजकूर सी ड्राइव्हच्या मुळाशी उतरतो. एक्सपीच्या काळात हा ओईएम फोल्डर सोर्सेसमध्ये नसून डिस्कच्या मुळाशी असे, म्हणून जुन्या टिपणांवरून काम करणाऱ्यांची पहिली ठेच तिथेच लागते. फर्स्टलॉगॉनकमांड्सला वेगळी फाइल लागत नाही. आन्सर फाइलच्या ओओबीई-सिस्टीम या शेवटच्या टप्प्यात क्रमांक देऊन आज्ञा लिहायच्या असतात. त्या आज्ञा कमांड प्रॉम्प्टमधून जात नाहीत, थेट चालवल्या जातात. त्यामुळे कॉपी, डिलीट यांसारख्या अंगभूत आज्ञांपुढे ‘सीएमडी’ आणि ‘/सी’ जोडावे लागते. वरवरचे फरक एवढेच आहेत आणि ते कोणीही तासाभरात शिकू शकतो.

खरा फरक असा आहे की सेटअपकम्प्लीटमधील प्रत्येक आज्ञा सिस्टीम या खात्यातून चालते, तर फर्स्टलॉगॉनकमांड्समधील प्रत्येक आज्ञा पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्या माणसाच्या खात्यातून चालते. कोणती आधी आणि कोणती नंतर यावर कितीही वाद घातला तरी प्रत्यक्ष कामात अडचण येते ती खात्यामुळे. हे पडताळून पाहायचे असेल तर ‘हू अॅम आय’ ही आज्ञा दोन्ही ठिकाणी लिहावी आणि तिचे उत्तर सी ड्राइव्हवरील दोन वेगळ्या मजकूर फायलींत उतरवून घ्यावे. पहिल्या फाइलमध्ये ‘एनटी ऑथॉरिटी\सिस्टीम’ असे आढळेल आणि दुसरीत संगणकाचे नाव व युझरचे नाव आढळेल. हा प्रयोग प्रत्येक शिकाऊ मुलाकडून एकदा तरी करून घेतलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सिस्टीम खात्याला संपूर्ण संगणकावर अधिकार असतो, म्हणून ते खाते सर्वशक्तिमान आहे आणि त्यातून काहीही बसवता येईल असा समज होतो. अधिकारापुरता तो खरा आहे. पण सिस्टीम हेसुद्धा एक खाते आहे आणि त्याची स्वतःची प्रोफाइल, म्हणजे वैयक्तिक फायली व सेटिंगांचा संच, आहे. ती युझर्स फोल्डरात नसते. विंडोज फोल्डरातील सिस्टीम-३२, त्याच्या आत कॉन्फिग आणि त्याच्या आत सिस्टीमप्रोफाइल अशा ठिकाणी ती असते. सेटअपकम्प्लीटमधून एखादी फाइल युझरच्या डेस्कटॉपवर ठेवायला सांगितली, तर ती सिस्टीमच्या प्रोफाइलकडे जाते आणि तिथे ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातील, करंट युझर या शाखेचेही तसेच आहे. ती स्वतंत्र शाखा नाही. जे खाते आज्ञा चालवत आहे, त्याच्या नोंदींकडे नेणारी ती वाट आहे. सेटअपकम्प्लीटमधून करंट युझरखाली लिहिलेले सारे सिस्टीमच्या नावावर जमा होते.

कीबोर्डच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि इंदूरमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. मध्य प्रदेशातील सीपीसीटी या संगणक व टायपिंगच्या परीक्षेच्या तयारीसाठी मुलांना हिंदीचा इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल कीबोर्ड (म्हणजे अक्षरांची मांडणी) लागतो, कार्यालयांत अजून कृतिदेव फॉन्टमधील जुना मजकूर येत असतो, आणि मराठी संस्थेचे काम असेल तर त्यांच्या जोडीला मराठी कीबोर्डही हवा असतो. यांपैकी फॉन्ट ही संपूर्ण संगणकाची वस्तू होऊ शकते: फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात गेली आणि रजिस्ट्रीच्या लोकल मशीन शाखेत तिची नोंद झाली, की ती सर्वांना दिसते. कीबोर्डांची यादी मात्र प्रत्येक युझरची स्वतःची असते. म्हणून एकाच सेटअपकम्प्लीटमध्ये शेजारी शेजारी लिहिलेल्या दोन ओळींपैकी फॉन्टची ओळ यशस्वी होते आणि कीबोर्डची ओळ वाया गेल्यासारखी वाटते. वास्तविक ती वाया गेलेली नसते. लॉगिनचा पडदा सिस्टीमच्याच यादीकडे पाहतो, म्हणून तिथे मराठी कीबोर्ड दिसतो आणि लॉगिन झाल्यावर तो नाहीसा होतो. हे लक्षण दिसले की कारण शोधत बसू नये. आज्ञा चुकीच्या खात्यातून चालली आहे, एवढेच ते सांगत असते. केवळ कीबोर्डच हवे असतील तर बॅच फाइलच्या वाटेला जाण्याचीही गरज नाही. आन्सर फाइलमध्ये इनपुट लोकेल ही नोंद आहे आणि तिच्यात अर्धविरामाने वेगळे करून अनेक कीबोर्ड लिहिता येतात. ही सोय असताना रजिस्ट्रीत हात घालणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

याच ठिकाणी आणखी एक फसवी नोंद आहे. रजिस्ट्रीतील युझर्स शाखेखाली टिंब आणि डिफॉल्ट अशा नावाची एक उपशाखा दिसते. नव्या युझरचा साचा तोच, असे मानून अनेक जण तिच्यात बदल करतात. ती उपशाखा म्हणजे सिस्टीम खात्याच्याच नोंदी आहेत. नव्या युझरचा खरा साचा युझर्स फोल्डरातील डिफॉल्ट या फोल्डरात एनटीयुझर डॅट नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि तो रजिस्ट्रीत तात्पुरता चढवून, बदल करून, पुन्हा उतरवावा लागतो. पहिली प्रोफाइल तयार होण्याआधी हे काम व्हायला हवे, म्हणून मी ते आन्सर फाइलच्या स्पेशलाइझ टप्प्यात करतो. त्या टप्प्यातही आज्ञा सिस्टीमच्याच खात्यातून चालतात, पण साचा कोणत्या फाइलमध्ये आहे हे आपण नेमके सांगितलेले असल्याने तिथे गफलत होत नाही.

सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरांनाही हीच कसोटी लावावी. जो इन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्समध्ये जातो, तो सेटअपकम्प्लीटमधून निर्धास्त चालवावा. जो इन्स्टॉलर युझरच्या अॅपडेटा फोल्डरात बसतो, तो तिथून चालवला तर सिस्टीमच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतो आणि कोणालाच सापडत नाही. अनेक उत्पादक दोन्ही प्रकारचे इन्स्टॉलर देतात. त्यांपैकी संपूर्ण संगणकासाठी असलेलाच घ्यावा. एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या प्रकारच्या इन्स्टॉलरला ‘ऑलयुझर्स बरोबर एक’ हे सांगावे, ते गृहीत धरू नये. विनगेट ही सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी आज्ञा सेटअपकम्प्लीटमध्ये लिहून ती का चालत नाही असे विचारणाऱ्यांनाही उत्तर हेच आहे: ती ज्या अॅपमधून येते त्याची नोंदणी युझरगणिक होते आणि सिस्टीम खात्यासाठी ती सरळपणे उपलब्ध नसते.

खात्यातूनच आणखी एक परिणाम निघतो. सिस्टीमच्या खात्यातून चाललेल्या इन्स्टॉलरने ‘नेक्स्ट’ दाबण्याची वाट पाहणारी खिडकी उघडली, तर ती समोर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि सारे काम तिथेच अडकून राहते. म्हणून सेटअपकम्प्लीटमधील प्रत्येक इन्स्टॉलर पूर्णपणे सायलेंट, म्हणजे काहीही न विचारता बसणारा, असलाच पाहिजे. त्यासाठीचे पर्याय इन्स्टॉलर कशाने बनवला आहे त्यावर ठरतात: एमएसआयसाठी ‘/क्यूएन’ आणि ‘/नोरीस्टार्ट’, इनो सेटअपसाठी ‘/व्हेरीसायलेंट’, आणि एनएसआयएससाठी ‘/एस’, तोही मोठ्या लिपीतला, कारण लहान अक्षर दिले तर तो ते ओळखत नाही. हे पर्याय आधी चालू संगणकावर तपासून मगच डिस्कवर चढवावेत.

आता दुसऱ्या बाजूची चूक. वरील सारे समजल्यावर काही जण सगळ्याच आज्ञा फर्स्टलॉगॉनकमांड्समध्ये हलवतात, आणि मला हा उपाय मुळीच पसंत नाही. त्या आज्ञा एकदाच चालतात आणि पहिल्या युझरपुरत्याच चालतात. क्लासच्या संगणकावर पहिला लॉगिन बहुधा बसवणाऱ्या अॅडमिनचा असतो. विद्यार्थ्यांचे खाते नंतर उघडते आणि त्याला यांतले वैयक्तिक काहीच मिळत नाही. शिवाय पहिला युझर मर्यादित अधिकारांचा असेल, तर संपूर्ण संगणकासाठीचे इन्स्टॉलर तिथे अडतात. म्हणून माझी वाटणी पक्की आहे: जे संगणकाचे ते सेटअपकम्प्लीटमध्ये, जे प्रत्येक युझरचे ते डिफॉल्टच्या साच्यात, आणि ज्याला जिवंत, लॉगिन झालेले सत्रच हवे तेवढेच फर्स्टलॉगॉनकमांड्समध्ये.

या वाटणीला एक मोठा अपवाद आहे आणि तो माहीत नसल्यामुळे सुजाण माणसेही गोंधळतात. ओईएम प्रकारची, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीने सोबत दिलेली, प्रॉडक्ट की वापरली जात असेल, तर विंडोज सेटअपकम्प्लीटची फाइल चालवतच नाही. एंटरप्राइझ आवृत्तीला ही अट लागू नाही. कंपनीचे तयार लॅपटॉप आणि डेस्कटॉप आपली की फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरील कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेऊन येतात आणि विंडोज ती आपोआप उचलते. त्यामुळे दुकानात जोडलेल्या संगणकावर चोख चाललेली डिस्क कंपनीच्या लॅपटॉपवर काहीच बसवत नाही, आणि दोष फाइलच्या जागेला, नावाला किंवा पेनड्राइव्हला दिला जातो. अशा संगणकांसाठी एकतर संगणकाची कामे स्पेशलाइझ टप्प्यात न्यावीत, किंवा ऑटोलॉगॉनची, म्हणजे आपोआप होणाऱ्या लॉगिनची, मर्यादा एक ठेवून अॅडमिन खात्याने पहिला लॉगिन करवावा आणि फर्स्टलॉगॉनकमांड्स वापरावे.

सेटअपकम्प्लीटमध्ये संगणक रीस्टार्ट करण्याची आज्ञा कधीही लिहू नये. रीस्टार्टनंतर ती फाइल पुढून चालू होत नाही आणि विंडोज अर्धवट अवस्थेत राहू शकते. एखाद्या इन्स्टॉलरने ३०१० हा कोड परत केला, तर त्याचा अर्थ काम झाले असून रीस्टार्ट बाकी आहे, एवढाच असतो. फाइलमधील आज्ञा फसल्या तरी विंडोज त्याची दखल घेत नाही, म्हणून प्रत्येक इन्स्टॉलरचा परतीचा कोड आपणच एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवावा. सेटअपकम्प्लीट चालवली गेली की नाही, हे विंडोज फोल्डरातील पँथर, त्याच्या आत अनअटेंडजीसी आणि तिथल्या सेटअपॲक्ट या लॉगमध्ये कळते. बॅच फाइल नोटपॅडमध्ये जतन करताना बीओएमसह यूटीएफ-८ निवडू नये, कारण मग फाइलच्या सुरुवातीच्या त्या अदृश्य खुणेमुळे तिची पहिलीच ओळ ओळखली जात नाही. इन्स्टॉलरांचा पत्ता डिस्कच्या ड्राइव्ह-अक्षराने देऊ नये; सेटअपच्या वेळचे अक्षर आणि नंतरचे अक्षर एकच राहील याची खात्री नसते. ते डॉलर-एक फोल्डरातून सी ड्राइव्हवर उतरवून तिथूनच चालवावेत.

ऑटोलॉगॉनसाठी आन्सर फाइलमध्ये पासवर्ड लिहावा लागतो, आणि तो साध्या मजकुराऐवजी दुसऱ्या रूपात लिहिण्याचा पर्याय निवडला तरी ते केवळ बेस-६४ असते, म्हणजे कुलूप नसून फक्त वेगळी लिहिण्याची पद्धत; कोणीही ते क्षणात उलगडू शकतो. म्हणून ती डिस्क किंवा पेनड्राइव्ह क्लासच्या टेबलावर पडू देऊ नये, आणि काम झाल्यावर तो पासवर्ड सर्व संगणकांवर बदलावा. सी ड्राइव्हवर उतरवलेले इन्स्टॉलर पुसण्याची आज्ञा मात्र सेटअपकम्प्लीटच्या शेवटी ठेवू नये. त्यांची गरज पहिल्या लॉगिनलाही लागू शकते, म्हणून ती फर्स्टलॉगॉनकमांड्समधील सर्वांत मोठ्या क्रमांकाची आज्ञा असावी.