मूनकेकमधली ती चिठ्ठी

मूनकेक म्हणजे चीनच्या मध्य-शरद सणातला सारण भरलेला केक. त्याच्या पोटात चिठ्ठ्या लपवून चिन्यांनी एका रात्रीत मंगोल राज्यकर्त्यांना हाकललं, तेव्हापासून हा सण, असं सांगतात. गोष्ट खुसखुशीत आहे, पण इतिहास नाही. बंड १३५१ पासून धुमसत होतं; मंगोलांची राजधानी दादू (आजचं बीजिंग) पडली १३६८ मध्ये. चिठ्ठ्यांची समकालीन नोंद नाही. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा हा सण तर मंगोलांच्या आधी, सुंग राजघराण्याच्या काळातच रुळला होता.

आजच्या कँटनी (दक्षिण चिनी) मूनकेकमध्ये कमळबियांचं सारण आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असतो. भाजल्यावर पारी कोरडी असते. दोन-तीन दिवस डब्यात मुरला की सारणातलं तेल झिरपून ती मऊ, तुकतुकीत होते. गरम कापलात तर पारीचा भुगा.

आणि या सणाची पौर्णिमा म्हणजे ‘त्यांची कोजागिरी’ नव्हे. बहुतेकदा ती आपली भाद्रपद पौर्णिमा; २०२५ मध्ये मात्र हा सण आणि कोजागिरी दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आले.