संशोधनाच्या पुस्तकाची कॉपीराइट नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडकतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणी खोतीवर लिहितंय, कोणी कुळकायद्यावर, कोणी जात्यावरच्या ओव्या जमवतंय. पुस्तक झालं की कॉपीराइटचा अर्ज टाकतात आणि तो महिनोन्महिने लटकतो, तेही चुका त्याच त्याच, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या की नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला, तो तुमच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. नोंदणीचा उपयोग वाद झाला तर, कोर्ट ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरतं. त्यामुळे कोणी एजंट घाबरवतोय म्हणून हजारो रुपये देऊ नका, एका साहित्यकृतीची सरकारी फी 500 रुपये आहे. अर्ज लेखक करू शकतो, हक्क लेखी मिळालेला माणूस करू शकतो, वारसही करू शकतात. कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर लॉगिन, फॉर्म 14, सोबतची दोन स्टेटमेंट्स, पुस्तकाची प्रत, फी, की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो. इथपर्यंत कोणी अडत नाही.

अडतात सगळे एनओसीपाशी, म्हणजे ना-हरकत पत्रापाशी. पुस्तक छापून आलंय आणि प्रकाशक दुसरा आहे तर प्रकाशकाची एनओसी लागते, सहलेखक असेल तर त्याची, आणि मुखपृष्ठावर ओळखू येईल असा माणसाचा फोटो असेल तर त्या माणसाचीसुद्धा. हर्णैच्या मासळी लिलावातल्या मावशीचा छान फोटो तुम्ही कव्हरवर टाकलात, आता दोन वर्षांनी तिला शोधणार कुठे? फोटो काढतानाच सही घेऊन ठेवा, आणि फोटोग्राफरचीही परवानगी लेखी घ्या, कारण फोटोचा हक्क साधारणपणे त्याचा असतो.

प्रकाशकाचं तर विचारूच नका. फोन उचलत नाहीत, दुकान बंद झालेलं असतं, आणि लेखकाकडे करार म्हणून फक्त पैसे भरल्याची पावती. कायदा इथे लेखकाच्या बाजूचा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ऑफिसला शेवटी कागद हवा असतो, म्हणून पुस्तक प्रेसला जायच्या आधीच, प्रकाशकाला तुमची गरज असते तेव्हाच, त्याच्या लेटरहेडवर एनओसी घेऊन टाका.

आजोबांचं किंवा वडिलांचं हस्तलिखित असेल तर वारसांचा प्रश्न येतो. सगळे वारस लागतात, गावात राहणारा एकटा नाही. भाऊबंद मुंबईला, पुण्याला, कोणी बडोद्याला, त्यामुळे माझं सांगणं एवढंच की गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात तेव्हा आरती झाली की कागद पुढे करा, कुरियरच्या भरवशावर राहिलात तर वर्ष जातं.

दुसरा घोळ प्रकाशित की अप्रकाशित या रकान्यात. थिसिस पुस्तकरूपात आला नाही म्हणून लोक बिनधास्त अप्रकाशित लिहितात, पण तोच थिसिस शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, सगळ्यांना खुला असतो, आणि कायद्यात लोकांपर्यंत पोचवणं हेसुद्धा प्रकाशनच. आधी तिथे शोधून बघा, मग रकाना भरा. गाईडचं नावही लेखक म्हणून टाकायची गरज नाही, मार्गदर्शन केलं म्हणून कोणी लेखक होत नाही.

ओव्या किंवा गजाली (गावगप्पा, गोष्टी) जमवणाऱ्यांनो, परंपरेने आलेल्या ओवीवर तुमचा हक्क होत नाही, तुमच्या प्रस्तावनेवर, टिपांवर, मांडणीवर होतो, तेवढंच अर्जात लिहा. वकील मंडळींनाही तेच. निकालांचा मूळ मजकूर सगळ्यांचा आहे, पण संपादकांनी घातलेल्या परिच्छेद क्रमांकांसारख्या गोष्टींना संरक्षण आहे हे सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय, तेव्हा रिपोर्टरमधून, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहातून, जसंच्या तसं उचलू नका. सेमिनारचे पेपर एकत्र छापले असतील तर प्रत्येक पेपर ज्याचा त्याचा, संपादकाने प्रत्येकाकडून लेखी घेतलेलं असलं पाहिजे.

आता ते 30 दिवस. डायरी नंबर मिळाल्यावर 30 दिवसांत सर्टिफिकेट येतं असं खूप जण समजतात. तसं नाहीये हो. ते 30 दिवस कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी, तपासणी त्यानंतर सुरू होते आणि ती कधी संपेल हे कोणी सांगत नाही, याची चीड मलाही येते. पण खरा धोका पुढे आहे, त्रुटीचं पत्र ईमेलवर येतं, स्पॅममध्ये पडून राहतं आणि उत्तराची मुदत संपते. गावात रेंजची बोंब असते, पावसाळ्यात तर विचारायलाच नको, म्हणून अर्जात नेटकॅफेवाल्याचा किंवा कॉलेजच्या ऑफिसचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या, आणि दर आठवड्याला डायरी नंबर टाकून स्टेटस बघा. पत्र आलं तर त्यात लिहिलेली मुदत आधी वाचा, जेवढं मागितलंय तेवढंच जोडून पाठवा, आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.