सर्व्हिसिंग वेळेवर, तरी इंजिन बंद

ऑइल वेळेवर बदललेलं, फिल्टर नवे, कूलंट काठोकाठ, आणि तरी ताशी ८०च्या वेगात इंजिन एकाएकी गप्प होतं. दोष सर्व्हिसिंगचाच असेल असं नाही. ऑइल घासणारे भाग जपतं. सेन्सर, रिले (विजेचा प्रवाह चालू-बंद करणारी छोटी डबी), ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि हे भाग बरेचदा कसलीही कुरकूर न करता जातात.

त्या क्षणी कारण शोधत बसू नका, आधी गाडी कडेला घ्या. इंजिन बंद पडलं म्हणून ब्रेक जात नाहीत. ब्रेक पेडलच्या पुढे इंजिनाच्या बाजूला एक चपटा गोल डबा असतो, तो बूस्टर. त्यातल्या पडद्याच्या एका अंगाला निर्वात पोकळी असते आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा शिरते. पडदा ९ इंच व्यासाचा आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला, तर सुमारे २८० किलोचा जोर तुमच्या पायाच्या मदतीला येतो. इंजिन थांबल्यावर ही पोकळी पुन्हा तयार होत नाही. एकमार्गी व्हॉल्व्हने अडवून धरलेला साठा दोन-तीन दाबांपुरता उरतो. म्हणून ब्रेक पंपासारखा मारू नका. एकदाच दाबा आणि दाब कायम ठेवा. साठा संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पाय चांगलाच जोरात रोवावा लागतो.

स्टीअरिंगही जड होतं, आणि वेग उतरेल तसं अधिकच. तेव्हा गाडीत धाव आहे तोवरच पार्किंग लाइट चारही लावून डावीकडे या. क्लच दाबा किंवा गिअर न्यूट्रलला टाका, ऑटोमॅटिकमध्ये ‘एन’. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

थांबल्यावर माणसं रेलिंगपलीकडे उभी करा आणि इशाऱ्याचा लाल चमकता त्रिकोण गाडीच्या मागे ठेवा. किती मागे? ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. मागच्या चालकाला भानावर यायला दीड सेकंद लागला तर ४२ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारूनही आणखी ५५. म्हणजे द्रुतगती मार्गावर १०० मीटर हे कमीत कमी. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, मागच्याला आधीच दिसेल असा. घाटात चाकाला दगड लावलात, तर निघताना तो उचला. रस्त्यात तसेच सोडलेले दगड रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतात.

आता कारण. इंजिन बंद कसं पडलं, हे आठवलं की निम्मा शोध लागतो.

बटण दाबावं तसं क्षणात बंद झालं, आणि अर्ध्या तासाने काहीच न घडल्यासारखं सुरू झालं, तर संशय क्रँक सेन्सरवर. क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, दात्यांचं चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांच्या जागेत ५८ दाते आणि दोनांची मोकळी जागा. ती जागा सेन्सरसमोरून गेली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहेत ते कळतं. सेन्सरच्या आतली बारीक तार तापून तुटक झाली की सिग्नल थांबतो, आणि ठिणगी कधी द्यायची हेच न कळल्याने कॉम्प्युटर इंधन तोडतो. गार झाल्यावर तार पुन्हा जुळते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, तर संशय आणखी बळावतो. (काही गाड्यांत तो काटा तसाही हलत नाही.)

झटके खात, दम तुटत बंद पडलं तर इंधन पाहा. पेट्रोल गाडीत सेल्फ न मारता किल्ली फक्त ‘ऑन’ करा आणि मागच्या सीटकडे कान द्या: इंधन पंपाचं दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. नाही आलं तर आधी फ्यूज, मग रिले. रिलेवर छापलेला नंबर सारखाच असेल तर हॉर्नचा रिले तिथे लावून बघता येतो. तेवढ्यावर पुष्कळ गाड्या घरी पोहोचतात.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, वेगात, एका लयीत फिरत असेल तर तिथेच हात थांबवा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटला असावा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) उरलेलं नाही. ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन अनेक इंजिनांत एकमेकांवर आदळतात. हा बेल्ट रबराचा. त्याची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते, आणि कमी फिरणाऱ्या, जपलेल्या गाडीत नेमकी हीच मुदत नजरेतून सुटते. टायमिंग चेन असलेल्या गाडीत ही मुदत नसते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मुळीच मारू नका. १.२ लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ३०० मिलिलिटर. कॉम्प्रेशन १० पट धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा अवघी ३३ मिलिलिटर, अर्ध्या कटिंगएवढीही नाही. पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्या.

तापमानाचा काटा लालमध्ये गेला असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर तापूनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच वाफ होऊन अंगावर येतं. ऑइलच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा लागून इंजिन थांबलं असेल तर डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं तरी पुन्हा सुरू करू नका. दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे.

मेकॅनिक येईपर्यंत बॅटरीचं टर्मिनल काढू नका. कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड साठवलेला असतो, क्रँक सेन्सरच्या सर्किटसाठी पी०३३५ असा, आणि बॅटरी सुटली की तो अनेक गाड्यांतून पुसला जातो.