तेलात भिजलेला कागद आणि दोन टनांची गाडी

उन्हाळ्याच्या सुटीत भाचा आला की रात्री कूलरसमोर बसून आम्ही जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करण्याचे व्हिडिओ बघतो. परवाच्या व्हिडिओत एक अमेरिकन माणूस आपल्या ऐंशीच्या दशकातल्या शेवरोले पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्या जागी त्याहून कितीतरी जड असा दुसरा चढवत होता. भाच्यानं विचारलं, "मामा, एवढा मोठा बसवून राहिला, म्हणजे गाडी आता जास्त ओढेल ना?"

हाच प्रश्न मी नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रकवाल्यांकडूनही ऐकला आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. गाडी जास्त ओढणार नाही. बाकी काही न बदलता फक्त तो गिअरबॉक्स टाकला, तर जागेवरून उठताना ती आधीपेक्षा कमी ओढेल. गिअरबॉक्स मजबूत असणं वेगळं आणि गाडीत जोर असणं वेगळं.

दोन्ही गिअरबॉक्स जनरल मोटर्सचे. जुना ७००आर४, १९८२ सालचा. नवा ४एल८०-ई, १९९१ साली आलेला, पण त्याची घडण १९६४ च्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० वर बेतलेली. त्याच्या नावातच माहिती आहे: पुढचे ४ गिअर, 'एल' म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसणारा, ८० हा मजबुतीचा दर्जा, 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक. ७००आर४ चं पुढे ४एल६० असं नामकरण झालं, म्हणजे हा सगळा खटाटोप साठाच्या जागी ऐंशी आणण्याचा.

आता गुणाकार. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा (म्हणजे इंजिनाकडून ३.०६ फेऱ्या आल्या की बाहेर एक फेरी), ४एल८०-ई चा २.४८ चा. मागच्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीचं, प्रमाण ३.४२ धरलं, तर इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकापर्यंत जाताना आधी १०.४७ पट होत होता, आता ८.४८ पटच होईल. म्हणजे सुमारे १९ टक्के घट. ती भरून काढायला ४.१० चं क्राउन-पिनियन टाकलं की आकडा १०.१७ वर येतो. पण मग चौथ्या गिअरमध्ये, समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर, त्याच वेगाला इंजिन २८ टक्के जास्त फिरतं आणि इंधनही जास्त पितं. गिअरबॉक्स काही निर्माण करत नाही; पीळ घ्या किंवा वेग घ्या, एवढाच सौदा त्याच्याकडे आहे.

मग लोक एवढी मेहनत का घेतात? कारण जुना गिअरबॉक्स जळतो. बहुतेकांना वाटतं की आत दाते तुटत असतील. तसं क्वचित होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुतेकदा मरतो तो प्लेटा घसरल्यामुळे, आणि या प्लेटांबद्दल बोलायला मला रात्र पुरत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर एकमेकांपासून सुटत नाहीत, ते कायम गुंतलेलेच असतात. मधला सूर्य-गिअर, त्याभोवती ग्रह-गिअर, बाहेर आतून दाते असलेलं कडं. यातला कोणता भाग धरायचा आणि कोणता फिरवायचा यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम प्लेटांच्या गड्ड्या करतात. एक पोलादी प्लेट, एक घर्षण-प्लेट, पुन्हा पोलादी, अशी चळत. मागून तेलाच्या दाबानं पिस्टन ढकलला की चळत आवळली जाते आणि सगळं एकजीव फिरू लागतं. त्या घर्षण-प्लेटवर काय चिकटवलेलं असतं? कागद. सेल्युलोजचे तंतू, त्यात राळेसारखं रेझिन, आणि भर म्हणून बहुधा डायटमची माती, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांचे सिलिकाचे सांगाडे. दोन टनांची गाडी तेलात बुडालेल्या कागदाच्या पकडीवर चालते!

तेलानं तर घसरायला हवं. इथेच कागदाची सच्छिद्रता कामाला येते. प्लेटा जवळ येताना आधी मधला तेलाचा पातळ थर ओढ देतो, मग तेल छिद्रांत आणि खाचांत शिरतं, आणि शेवटी तंतू पोलादाला भिडतात. झटका न बसता गिअर बदलतो तो यामुळे. तेलात खास रेणू मिसळलेले असतात. त्यांचं एक टोक पोलादाला धरतं आणि शेपटी बाहेर राहते. त्यामुळे घसरण्याचा वेग कमी होत जातो तसा घर्षणांकही थोडा उतरतो. तो उलट वाढत गेला असता, तर प्लेटा अडकत-सुटत थरथरल्या असत्या.

पकडीचं गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राएवढंच आहे: घर्षणाचे पृष्ठभाग × घर्षणांक × दाबाचं बल × सरासरी त्रिज्या. कल्पनेतली एक चळत घेऊ. ५ घर्षण-प्लेटा म्हणजे १० पृष्ठभाग, घर्षणांक ०.१२, पिस्टनचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर, तेलाचा दाब १० बार, म्हणजे बल ६,००० न्यूटन. त्रिज्या ७ सेंटिमीटर. उत्तर ५०४ न्यूटन-मीटर. एक प्लेट वाढवली की सुमारे ६०५. आणि दाब ७ बारवर उतरला की फक्त ३५३. इंजिनाकडून ४०० येत असेल तर चळत घसरलीच. घसरण सेकंदाला १०० रेडियन असेल, म्हणजे मिनिटाला साडेनऊशे फेऱ्यांच्या आसपास, तर घर्षणात ३५ किलोवॅटहून जास्त उष्णता निघते. दोन किलोवॅटचे सतरा-अठरा गिझर त्या डब्यात एकदम लावल्यासारखं. कागद किती वेळ टिकणार?

७००आर४ मध्ये हा दाब किती हवा हे एक साधी तार सांगते, थ्रॉटलपासून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून) गिअरबॉक्सपर्यंत गेलेली. ती सैल बसवली की दाब कमी पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरची चळत जळते. ४एल८०-ई मध्ये हे काम विजेवर चालणारा व्हॉल्व्ह करतो, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत हा गिअरबॉक्स घालायचा तर वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर लागतो. शिवाय त्याचे शाफ्ट जाड. शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे व्यास २० टक्के वाढला तर क्षमता सुमारे ७३ टक्क्यांनी. जड भाग फिरवायला इंजिनाची शक्तीही जास्त खर्चते, तो मजबुतीचा मोबदला. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कापून घेणं, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा तुकडा) मागे सरकवणं ही लोहारकामं वेगळीच.

आणि तेलाचा कूलर. उष्णता किती बाहेर जाईल हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ९५ अंशांचं तेल २५ अंशांच्या हवेत जेवढी उष्णता टाकतं, त्याहून नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत सुमारे २९ टक्के कमी टाकतं. इथे ऑटोमॅटिक गाडीनं ट्रॉली ओढणाऱ्यांनी मोठा कूलर आधी लावावा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे असा बदल करायचा असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय बोल्टाला पाना लावू नका.

एक समज मात्र मला मनापासून खटकतो: 'ऑटोमॅटिकचं जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो.' लोक तेल बदलतात कधी? गाडी घसरायला लागल्यावर. तोवर कागद झिजलेलाच असतो, आणि दोष नव्या तेलावर येतो. मग कोणी बंपरला लिंबू-मिरची बांधतं, कोणी 'गिअरबॉक्स नवा करणारी' बाटली ओततं. झिजलेला कागद बाटलीतून परत येत नाही.

त्यापेक्षा ज्या गाडीला गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी मोजायची पट्टी आहे तिची पट्टी काढून दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर आणि स्वच्छ डाग पसरला तर ठीक. तपकिरी डाग, मध्ये काळी भुकटी आणि जळक्या कागदाचा वास आला, तर तो वास खरोखर कागदाचाच आहे.