बायको-मुलांना दुबईला नेताय? अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

कुटुंबाच्या निवासी व्हिसाचा अर्ज दुबईत भरतात, पण तो परत येतो बहुतेक वेळा इथून नेलेल्या कागदांमुळे. तिकीट काढायच्या आधी हे वाचा. तिथे पोहोचल्यावर हीच दुरुस्ती महाग पडते आणि वेळही फार खाते.

आधी तिथला कारभार समजून घ्या. वाळवंटाच्या कडेला, खाडीतल्या व्यापारावर वाढलेलं हे शहर संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी एक आहे. 1971 साली संघराज्य झालं, तरी दुबईने बराच कारभार स्वतःकडे ठेवला. त्यामुळे नोकरीचा करार केंद्रीय मनुष्यबळ मंत्रालयात नोंदतात, एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, केंद्रीय प्राधिकरण देतं, पण व्हिसा दुबईचं स्वतःचं खातं, म्हणजे जीडीआरएफए देतं. म्हणून अबुधाबीतल्या भाऊजींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीवर विसंबू नका. तिथले अर्ज केंद्रीय प्राधिकरणाकडे जातात आणि घरभाड्याची नोंदणीही वेगळी असते.

पात्रता सोपी आहे. पगार किमान 4,000 दिरहॅम हवा, किंवा 3,000 दिरहॅम आणि राहायची सोय. नोंदलेल्या करारात जो आकडा आहे तोच धरतात, हातात पडणारा ओव्हरटाइम नाही. 2019 पासून हुद्दा पाहत नाहीत, पगार पाहतात. "माझ्या व्हिसावर हेल्पर लिहिलंय, मला फॅमिली आणता येणार नाही" असं म्हणत वर्षानुवर्षं एकटे राहणारे अजूनही भेटतात. तसं काही राहिलेलं नाही. अविवाहित मुलीला वयाची अट नाही, अविवाहित मुलाला 25 वर्षांपर्यंत आणता येतं.

आता खरी अडचण, विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका, गुरुजींचं पत्र, मंगल कार्यालयाची पावती, यातलं काहीही चालत नाही. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी झालेली हवी. आपल्याकडच्या 1998 च्या कायद्याने ती लग्नानंतर 90 दिवसांत करायची असते. मुदत गेली म्हणून हातपाय गाळू नका, उशिराचं शुल्क भरून नंतरही नोंदणी होते. मात्र तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. बारा वर्षांपूर्वीच्या लग्नाचे गुरुजी शोधत फिरणं सोपं नसतं, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

दाखला मिळाला की तो लॅमिनेट करू नका. जपून ठेवायच्या हौसेने लोक नेमकं तेच करतात, आणि मग शिक्के मारायला जागाच उरत नाही म्हणून नवीन प्रत काढावी लागते. शिक्क्यांचा क्रम असा: राज्य शासन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची भारतातली वकिलात, आणि शेवटी तिथे गेल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. मुलांच्या जन्मदाखल्यालाही हाच रस्ता. एजंट घाईघाईत अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, करून देतो, तो घेऊ नका. अपोस्टिल हेग करारातल्या देशांसाठी आहे आणि अमिराती त्या करारात नाही. पैसे घेणाऱ्याला हे माहीत असायला हवं, पण भुर्दंड तुम्हालाच पडतो.

नावांचा घोळ तर आपल्या घराघरात आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव एका ठिकाणी वडिलांचं तर दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचं. मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. खिडकीवरच्या माणसाला आपली नावाची रीत ठाऊक नसते. त्याला तीन कागदांवर तीन वेगळ्या बायका दिसतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. शिक्के मारण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंगचं एकेक अक्षर जुळवा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर तीही दुरुस्त करून घ्या. "आधी व्हिजिटवर आणू, मग बदलून घेऊ" असा विचार असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण नोव्हेंबर 2022 पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने प्रवेश देताना अडवतात.

दुबईत गेल्यावर अडवणारा कागद म्हणजे इजारी, भाडेकराराची नोंदणी. करामा किंवा देऱ्यात बेडस्पेसमध्ये, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्याच्या जागेत, राहणाऱ्या हजारोंकडे ती नसते, कारण घर दुसऱ्याच्या नावावर असतं. मित्राच्या इजारीवर तुमच्या कुटुंबाचा व्हिसा होत नाही. इजारी तुमच्या नावावर हवी. कंपनीने घर दिलं असेल तर कंपनीचं तसं पत्र हवं.

बाकी फोटो, पासपोर्टच्या प्रती, आमेर केंद्रावर (जीडीआरएफएचे अर्ज घेणारं केंद्र) अर्ज, 18 वर्षांवरच्यांची वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे हे सगळं सुरळीत होतं. विमा मात्र विसरू नका. दुबईत कुटुंबाचा आरोग्य विमा काढणं ही आणणाऱ्याची जबाबदारी आहे, कंपनी तो देईलच असं नाही.

मुदतींबाबत गोंधळ फार. प्रवेश परवान्यावर कुटुंब उतरलं की निवासी व्हिसाचा अर्ज करायला 60 दिवस मिळतात. हे दिवस उतरल्यापासून मोजायचे, सुट्ट्या त्यातच धरायच्या. बाळ तिथेच जन्मलं तर त्याचा व्हिसा जन्मापासून 120 दिवसांत व्हावा लागतो, नाहीतर रोजचा दंड सुरू होतो. पासपोर्ट हातात आल्यापासून 120 दिवस असं समजून बसलेले आईबाप पाहिले की जीव तुटतो. आधी जन्मदाखला, मग भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदणी आणि पासपोर्ट, मग व्हिसा, हे सगळं त्याच 120 दिवसांत बसवायचं असतं. दूतावासातली जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत झाली पाहिजे, कारण बाळाचं भारतीय नागरिकत्व तिच्यावर अवलंबून आहे.

आणि बाळंतपणाला किंवा शाळेसाठी बायको-मुलं गावी आली असतील, तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. त्यानंतर निवासी व्हिसा रद्द धरला जातो, मग त्यावर अजून वर्षभराची मुदत छापलेली असली तरी.