प्रिन्सेस दे लांबाल

लांबाल, मारी तेरेझ लुईझ, प्रिन्सेस दे : (८ सप्टेंबर १७४९ – ३ सप्टेंबर १७९२). फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची मैत्रीण आणि राणीच्या खासगीची मुख्य कारभारीण. तिचा जन्म इटलीतील तोरिनो येथे, सावोया राजघराण्याच्या कारिन्यानो शाखेत झाला. लग्नामुळे ती फ्रान्सच्या राजघराण्याच्या गोतावळ्यात आली आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमध्ये मारली गेली.

युरोपीय राणीच्या दिमतीला असणाऱ्या अशा स्त्रियांना मराठीत सर्रास ‘दासी’ म्हटले जाते. हा शब्द दिशाभूल करतो. झाडलोट, धुणी, शिवणटिपण यांसाठी नोकरवर्ग वेगळा असे. या स्त्रिया उमराव घराण्यांतल्या मानकरणी होत्या आणि राणीची प्रत्येक सेवा हा कुणा ना कुणाचा ठरलेला मान होता. हा प्रकार कोणत्या थराला जाई, याची एक हकीकत राणीची परिचारिका मादाम काँपाँ हिने लिहून ठेवली आहे. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती राणीच्या हाती सदरा देणार, तोच तिच्याहून वरच्या मानाची स्त्री आत आली. सदरा तिच्याकडे गेला. मग तिच्याहूनही मोठी आली, मग राजाची भावजय आली. सदरा हातोहात फिरत राहिला आणि राणी उघड्या अंगाने थंडीत कुडकुडत उभी राहिली. या सगळ्या मानकरणींवर जिचा अधिकार, ते पद पुढे लांबालकडे आले.

तिचे लग्न १७६७ मध्ये प्रिन्स दे लांबाल याच्याशी झाले. त्याचा बाप ड्यूक दे पाँतिएव्र हा चौदाव्या लुईचा नातू. मात्र राजाला त्याची रखेली मादाम दे माँतेस्पाँ हिच्यापासून झालेल्या आणि नंतर औरस ठरवलेल्या मुलाच्या वंशातला. नवरा बाहेरख्याली निघाला आणि ६ मे १७६८ रोजी गुप्तरोगाने वारला. वयाच्या अठराव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी माहेरी परतली नाही, सासऱ्यांजवळ राहिली. पाँतिएव्र हा फ्रान्समधल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक, आणि दानधर्मासाठी तितकाच नावाजलेला. सासरा-सुनेचा हा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला. पॅरिसजवळच्या रांबुये येथील आपल्या उद्यानात त्याने तिच्यासाठी बांधलेली कुटी आजही पाहता येते. बाहेरून ती गवताने शाकारलेली शेतकऱ्याची झोपडी वाटते. दार उघडले की आतल्या भिंती शिंपल्यांनी आणि मोतीशिंपांनी मढवलेल्या दिसतात.

मारी आंत्वानेत १७७० मध्ये सून म्हणून व्हर्सायच्या राजवाड्यात आली. परक्या मुलखातून आलेल्या या दोघींची मैत्री लवकरच जुळली. १७७५ मध्ये राणीने मैत्रिणीला ‘स्युरँतांदांत’ म्हणजे खासगीची मुख्य कारभारीण नेमले. हे पद १७४१ पासून रिकामे होते. त्याला वर्षाला १,५०,००० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) वेतन होते आणि राज्याची तिजोरी तर ओढगस्तीत होती, त्यामुळे टीका झाली ती अन्यायाची नव्हती. आपल्या डोक्यावर कुणी नवे बसणे जुन्या मानकरणींनाही रुचले नाही. लांबाल मानापमानाच्या बाबतीत काटेकोर होती. राणीला हवी होती गप्पाटप्पांची सोबत, आणि ती काउंटेस दे पोलिन्याककडे अधिक मिळू लागली. लांबालचे पद राहिले, पण जवळीक ओसरली. राणीची बदनामी करणारी अश्लील पत्रके मात्र निघतच राहिली आणि त्यांत दोघींच्या संबंधांवर गलिच्छ आरोप होत राहिले.

ती फार हळवी होती, असे सगळे समकालीन सांगतात. मादाम दे झाँलिस हिने तर लिहिले आहे की जांभळ्या व्हायोलेट फुलांचा गुच्छ पाहून किंवा चित्रातला शेवंडा दिसला तरी तिला भोवळ येई. झाँलिस ही लांबालच्या नणंदेच्या घरची, तिच्याविषयी आकस असलेली लेखिका. हे वाचताना ते लक्षात ठेवावे लागते.

राज्यक्रांती पेटल्यावर ऑक्टोबर १७८९ मध्ये जमावाने राजकुटुंबाला व्हर्सायहून पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात आणले, आणि लांबाल लगोलग तिथे हजर झाली. पोलिन्याक तोवर देश सोडून गेली होती. जून १७९१ मध्ये राजाचा पळून जाण्याचा बेत व्हारेन येथे फसला. त्याच सुमारास लांबाल इंग्लंडला पोचली होती, तिथून ती जर्मनीतील आखेनला गेली. राणीने तिला एक अंगठी पाठवली. त्या अंगठीत राणीच्या केसांची बट होती आणि हे केस दुःखाने पांढरे झाले, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरला होता. परत येऊ नकोस, असेही राणीने कळवले होते. ऑक्टोबरमध्ये लांबालने मृत्युपत्र केले आणि नोव्हेंबरमध्ये ती पॅरिसला परतली. मृत्युपत्र करून निघालेल्या माणसाला धोका कळला नव्हता, असे म्हणता येत नाही. तिच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि वेतनाच्या आकड्यापुढे ती झाकली गेली हे योग्य झाले नाही.

१० ऑगस्ट १७९२ रोजी त्विलरीवर हल्ला झाला तेव्हा ती राणीबरोबर होती, आणि राजकुटुंबासोबत पॅरिसमधल्या ताँप्ल या जुन्या गढीतल्या कैदेतही गेली. १९ ऑगस्टच्या रात्री तिला तिथून वेगळे काढून ला फोर्सच्या तुरुंगात नेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला शत्रुसैन्य चालून येत असल्याच्या भीतीने पॅरिसच्या तुरुंगांत कत्तल सुरू झाली. तिच्यात हजारावर कैदी बळी पडले. ३ सप्टेंबरला लांबालला घाईघाईने बसवलेल्या न्यायासनापुढे उभे केले. प्रचलित हकिकतीप्रमाणे स्वातंत्र्य आणि समतेची शपथ घ्यायला ती तयार झाली. राजाराणीच्या द्वेषाची शपथ मात्र तिने नाकारली. बाहेर नेताच तिच्यावर घाव पडले. तिचे शिर भाल्यावर खोचून ताँप्लच्या खिडक्यांखाली नाचवले गेले. राणीने ते पाहिले नाही, पण काय घडले ते कळताच तिची शुद्ध हरपली. पाच दिवसांनी लांबालला ४३ वे वर्ष पुरे झाले असते.

तिच्या मृत्यूविषयी पुढे भयंकर गोष्टी रचल्या गेल्या: बलात्कार, अवयव तोडणे, नरमांसभक्षणसुद्धा. क्रांतीची दहशत दाखवू पाहणाऱ्या राजनिष्ठांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. सरकारी नोंद वेगळे सांगते. त्याच दिवशी काही नागरिकांनी शिर नसलेले शव वस्तीच्या कचेरीत आणून दिले. कारकुनाने तिच्या खिशांतल्या वस्तूंची यादी करून घेतली. म्हणजे कपडे अंगावर होते आणि खिसेही शाबूत होते. शव दिवसभर रस्त्यावर पडून होते, ही कथाही या नोंदीपुढे टिकत नाही. जे खरोखर घडले तेच पुरेसे भीषण होते. सासरा पाँतिएव्र यानंतर जेमतेम सहा महिने जगला. ४ मार्च १७९३ रोजी तो वारला.